साखरेच्या डब्यामागे

२१ जुलै, सोमवार

प्रिय टिटवी,

शाळेच्या चॅपलमधल्या पितळी मेणबत्तीदाण्या घासायचं काम शनिवारी आपल्या दोघींकडे असायचं. मी फरशीवर फतकल मारून घासायचे आणि तू बाकावर पाय वर घेऊन संतिणींच्या गोष्टी सांगायचीस. कोणाला सिंहापुढे टाकलं, कोणाचे केस राजाने कापले, सगळं असं रंगवून की माझा हात थांबायचा. मग तूच दरडावायचीस, "ताई, हात चालव, सिस्टर येतील." सिस्टर यायच्या. तुझ्या गालाला हात लावून म्हणायच्या, ही मुलगी काय गोड बोलते. माझी मेणबत्तीदाणी उजेडाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, बुडाशी काळं राहिलंय. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. तुझं बोलणं ऐकायला मिळतं म्हणून ते काम मी मागून घेतलं होतं.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की ही बाई जन्मभर मनात धरून बसली होती. धरून बसले नव्हते. कालपासून धरलंय.

काल रविवारच्या मिस्सेत शुभवर्तमान होतं मार्था आणि मरियेचं, राबणाऱ्या मार्थेला प्रभू सांगतो की पायाशी बसून ऐकणाऱ्या तिच्या बहिणीनेच उत्तम वाटा निवडला, ते. नवे फादर प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, आज मी माझं काही सांगणार नाही, आपल्याच धर्मग्रामात वाढलेल्या एका भगिनीचं मनन वाचून दाखवतो. मी खूश झाले. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून म्हटलंसुद्धा, "आमची धाकटी." मग फादरांनी वाचायला सुरुवात केली.

"माझ्याही घरी एक मार्था आहे. माझी थोरली बहीण." तिथपर्यंत मी हसत होते. "आई अंथरुणाला खिळलेली. फादर भाकरीच्या रूपातलं ख्रिस्तशरीर घेऊन आले, आईने ते स्वीकारलं, तिचा चेहरा उजळला. मी तिचा हात हातात घेऊन प्रार्थनेला बसले. माझी बहीण कुठे होती? स्वयंपाकघरात. आमच्याकडे पाठ करून, ओट्याशी, एका पाण्याच्या ग्लासाकडे बघत उभी. घरात प्रभू आलेला होता आणि तिला त्याच्याकडे वळून बघायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी मी साखरेच्या डब्याला हात लावला तर ती माझ्यावर खेकसली. कामाने माणसाला असं कडू करून टाकलं की जवळ आलेला देवही दिसत नाही. आपल्यापैकी किती जण असे ग्लासाकडे बघत उभे आहोत?"

शेवटचा प्रश्न फादरांनी दोनदा वाचला. त्यांना आवडला असावा.

माझ्या पुढच्या रांगेतल्या तिघीजणी वळून बघून परत सरळ झाल्या. या गावात तुझी थोरली बहीण म्हणजे मी, हे कळायला कोणाला शोध घ्यावा लागत नाही. बाहेर पडताना देवळातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी माझा हात धरला. "मनाला लावून घेऊ नका हं, आम्ही सगळ्याच मार्था." त्यांच्या घरी स्वयंपाकाला वेगळी बाई आहे, कपड्यांना वेगळी.

घरी आले तेव्हा आईपाशी बसलेल्या आपल्या शेजारच्या नर्सबाईंनी विचारलं, "काय झालं, चेहरा का असा?" मी म्हटलं, "काही नाही, आज देवळात माझा फोटो दाखवला."

आईला मात्र काय सांगणार. तिने डाव्या हाताने खूण करून विचारलं, फादर काय बोलले. अर्धं अंग गेल्यापासून तिला चार शब्द फुटतात, त्यातला एक तुझं नाव आहे. मी म्हटलं, टिटवीचं लिहिलेलं वाचलं. ती इतकी हसली. एका बाजूने.

मी तिचं तोंड पुसलं आणि आत जाऊन कांदे चिरले. कांदे कशालाही नको होते.

ताई


२५ जुलै, शुक्रवार

टिटवी,

पत्र पोचलं म्हणून फोनवर निरोप आला. जोडलेले दोन हात, एक कबुतर आणि खाली "ताई, ते तुझ्याबद्दल नाही, आपल्या सगळ्यांबद्दल आहे. तुझ्या अंतःकरणातल्या शांतीसाठी प्रार्थना करते."

ज्या मननात माझा ओटा आहे, माझी पाठ आहे, माझा साखरेचा डबा आहे, ते माझ्याबद्दल नाही. बरं.

आणि माझ्या शांतीसाठी प्रार्थना करू नकोस. मला शांती नको आहे. चांगला राग आलाय, तो थोडे दिवस राहू दे. सबंध आयुष्यात मला मनसोक्त राग धरायला वेळ मिळालेला नाही.

कागदावर लिहिते आहे ते मुद्दाम. फोनवर मी चार ओळी लिहिल्या की तू चित्र पाठवून मोकळी होतेस. कागदाला तुला चित्र लावता येणार नाही.

तू बायबलवर लिहितेस, रोज सकाळी हजारो माणसं तुझं "दिवसाचं मनन" वाचतात. मी रोज वाचते. गेल्या वर्षी तू हरवलेल्या मेंढरावर लिहिलं होतंस, की ते मेंढरू खांद्यावर बसून घरी येताना मेंढपाळाच्या मानेचा घाम हुंगतं, ते वाचून मी आणि आई दोघी रडलो होतो. तेव्हा तुला लिहिता येत नाही असं मी म्हणत नाही. पण या आठवड्यात मी पण शुभवर्तमान घेऊन बसले. बसले म्हणजे उभी होते. वेदीची कापडं इस्त्री करायची होती, पुस्तक खिडकीत उघडं ठेवलं.

त्या घरात प्रभू एकटा आला नव्हता. सोबत शिष्य होते, वाटेवरून चालत आलेले, भुकेले, पायांना धूळ. आगाऊ कोणी कळवलं नव्हतं. एवढ्या जणांना काय वाढायचं हे मरियेने ठरवलं नाही. आणि त्या घरात एक भाऊही राहत होता, लाजर. लूक त्याचं नावच काढत नाही. तो कुठे होता? बसलेलाच असणार. दोन हजार वर्षांत त्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, तू तरी पाणी आणायचंस.

मग पुढे योहानाच्या शुभवर्तमानात बघ. तो भाऊ मेला. प्रभू उशिरा आला. तेव्हा मरिया घरात बसून राहिली, असं स्पष्ट लिहिलंय, आणि वेशीपर्यंत सामोरी गेली ती मार्था. जाऊन त्याला तोंडावर म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. माफी नाही, प्रस्तावना नाही. आणि त्याच दमात म्हणाली, तूच ख्रिस्त आहेस. हे जिला म्हणता येतं तिला प्रभू दिसत नव्हता? थडग्याचा दगड काढायची वेळ आली तेव्हा सगळे गहिवरून उभे आणि ही एकटी म्हणते, आता वास येत असेल. आजाऱ्याचं, मेलेल्याचं ज्याने केलंय त्यालाच वास आठवतो, टिटवी.

लाजर थडग्यातून जिवंत उठल्यावर पुन्हा जेवण झालं. मरियेने सुगंधी तेल ओतलं, घरभर दरवळ. मार्थेबद्दल दोनच शब्द आहेत. मार्था वाढत होती. अजून वाढतच होती. आणि या वेळी तिला कोणी काही बोललं नाही. मला वाटतं प्रभूने मधल्या काळात विचार केला असावा.

हे मी त्याच्याशीही बोलले. इस्त्री करता करता म्हटलं, तुझं ते वाक्य, मरियेने उत्तम वाटा निवडला, ते तू स्वयंपाकघरात येऊन मार्थेच्या कानात सांगितलं असतंस तर चाललं नसतं का? चारचौघांत कशाला? बोलण्याच्या नादात कापड जळता जळता वाचलं.

तुझ्यावर माझा राग तू चुकीचं लिहिलंस म्हणून नाही. ग्लास होता. मी पाठ करून उभी होते. साखरेच्या डब्यावरून खेकसलेही. तू पाहिलंस ते सगळं बरोबर आहे. पण विचारायला तोंड नव्हतं का? "ताई, काय बघतेस गं ग्लासात?" एवढंच. आयुष्यभर टिवटिव केलीस आणि नेमकी तेव्हाच मिटून बसलीस.

ताई


२९ जुलै, मंगळवार

टिटवी,

आज संत मार्थेचा सण. कॅलेंडरात बारीक अक्षरात असतो, कोणाच्या लक्षात नसतो. या वर्षी सगळ्यांच्या लक्षात होता.

सकाळच्या मिस्सेनंतर मंडळाच्या बायकांनी मला थांबवलं. अध्यक्षीणबाईंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. "आमच्याकडून छोटीशी भेट." उघडलं तर एप्रन. निळा. छातीवर टाके घालून लिहिलेलं, मार्था. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फादरांनीही वाजवल्या, मनापासून, त्यांना यात काही खटकत नाही, तरुण आहेत. एकजण म्हणाली, "घालून दाखवा ना." मी घातला. मागची नाडीसुद्धा बांधली. काय करणार, तिथे तमाशा करू? तसाच घालून रस्त्याने घरी आले. नर्सबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "टाके बरे आहेत. धुतल्यावर रंग सुटेल."

दारात टपाल पडलेलं. तुझं पाकीट. मला वाटलं, चला, शेवटी कागद उचलला हिने.

मननांचं पुस्तक निघतंय. अभिनंदन. त्यात पहिलंच प्रकरण "ग्लासाकडे बघणारी बहीण". आणि तुला माझा फोटो हवाय. स्वयंपाकघरातला. "पाठमोरा असला तरी चालेल, उलट तोच जास्त बोलका होईल."

मी ते वाक्य उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. एप्रन अंगावरच होता.

आता ऐक. हे मी कोणाला सांगणार नव्हते, तुला तर नाहीच. आईने मला घातलेली आण मोडून सांगते आहे, आणि ती तुझ्यामुळे मोडते आहे हे पक्कं ध्यानात ठेव.

त्या दिवशी फादरांनी आईच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवलं. तुम्ही सगळे डोळे मिटून होतात. मग फादर निघाले आणि तू त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलीस, पुस्तकाबद्दल बोलत. खोलीत आई आणि मी. तिला गिळता येईना. अर्धा घसा मेलाय तिचा, पाणीसुद्धा चमच्याने, हळूहळू द्यावं लागतं. तिने खूप प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा काळा-निळा पडला. मी तिला पुढे वाकवून तोंडाखाली हात धरला. ते माझ्या तळव्यावर आलं.

तिने पाहिलं. तिने, जिने या गावातल्या तीन पिढ्यांना पहिल्या कम्युनियनसाठी तयार केलं. चावायचं नाही, जिभेवर विरघळू द्यायचं, बोट लावायचं नाही. एका मुलाने खोकताना बाहेर काढलं म्हणून त्याला कान धरून सबंध तास उभं करणारी आपली आई. तिने माझ्या तळव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या त्या चार शब्दांतले दोन वापरले. "टिटवीला नको."

फाटक वाजलं. तू परत येत होतीस. मी मूठ मिटली आणि स्वयंपाकघरात गेले.

असं झालं तर काय करायचं ते तुलाही शिकवलंय, सिस्टरांनी आणि आईने पण. स्वच्छ पाण्याच्या ग्लासात ठेवायचं. विरघळेपर्यंत प्रभू तिथेच असतो, पूर्ण. मग ते पाणी मोरीत नाही, मातीत ओतायचं. म्हणून मी ग्लासाकडे बघत उभी होते. तू बाहेर आईचा हात धरून डोळे मिटून त्याला शोधत होतीस आणि तो माझ्यासमोर होता, ओट्यावर, आपल्या रोजच्या काचेच्या ग्लासात. मी गुडघे टेकले नाहीत, कारण टेकले असते तर तू विचारलं असतंस.

पार विरघळायला दोन दिवस लागले. ग्लास वरच्या फळीवर ठेवला, साखरेच्या डब्यामागे, बशी झाकून. त्या डब्याला हात लावलास म्हणून खेकसले. दोन दिवस मी त्याच्यासमोर भात शिजवला, दूध तापवलं, आईची फडकी उकळली. आयुष्यात इतकी प्रार्थना कधी केली नाही. त्या दोन दिवसांत मी तुझ्या नावानेही काहीतरी मागितलं होतं. काय ते आता सांगणार नाही.

तेव्हा फोटो पाठवत नाही.

आणि आणखी एक. हे वाचता वाचता तुझ्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली असतील. मला तू माहीत आहेस. "तो साखरेच्या डब्यामागे होता." जुळली ना? यातला एक शब्द जरी कुठे छापून आला, तर मी तुझी बहीण नाही. हे मी रागात लिहिते आहे आणि शांतपणे लिहिते आहे, दोन्ही.

तुझी ताई


६ ऑगस्ट, बुधवार

टिटवी,

तुझा फोन आला तेव्हा मी घेतला नाही. रडण्याचा आवाज ऐकायचा नव्हता. नर्सबाईंनी घेतला, तुझा निरोप त्यांनी मला सांगितला तो असा: "मनन पुस्तकातून काढतेय, प्रकाशकाला कळवलं. फार वाईट वाटतंय तिला. म्हणते ताईने आधीच का नाही सांगितलं. आणि प्रूफं संपली की येते, महिनाअखेर."

मनन काढलंस ते ठीक. त्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही. काटा ज्याने रुतवला त्याने काढला.

महिनाअखेर चालणार नाही. का ते सांगते, आणि हे सांगायलाच मी गेली तीन पत्रं भांडते आहे की काय, असं मला काल वाटलं.

त्या दिवसापासून आईने कम्युनियन घेतलेलं नाही. तू लिहिलंस तिचा चेहरा उजळला, तो शेवटचा. फादर येतात, प्रार्थना म्हणतात, ख्रिस्तशरीर पुढे करतात. ती ओठ घट्ट मिटते आणि भिंतीकडे बघते. फादर म्हणतात, "आज आजी दमल्यात," आशीर्वाद देतात आणि जातात. आजी दमलेली नाही. आजीला वाटतं तिने प्रभूला थुंकून टाकलं.

मी सगळं करून पाहिलं. नर्सबाईंना पुढे करून फादरांना सांगितलं की हिला घट्ट काही गिळवत नाही. ते लगेच म्हणाले, हात्तिच्या, मग चषकातल्या पवित्र द्राक्षरसाचा एक थेंब चमच्याने देऊ, तेही पूर्ण कम्युनियनच. इतकं सोपं होतं. मी आनंदाने आईला सांगायला गेले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पुन्हा भिंत.

तेव्हा मला कळलं. अडचण घशाची नाही. अडचण मी आहे. मी बाजूला उभी असते, हातात रुमाल घेऊन, तिच्या हनुवटीखाली. मी पाहिलंय. तिचं सगळं मी पाहिलेलं आहे, फडकी, जखमा, सगळं, आणि ते तिने सोसलं. पण हे पाहिलेल्या माणसासमोर ती आता तोंड उघडायची नाही. माझा चेहरा दिसला की तिला तळवा आठवतो.

तुझ्यासमोर उघडेल. तुझ्यासमोर ती अजून तीच आई आहे, शिकवणारी. "टिटवीला नको" म्हणाली ना, ते त्यासाठीच.

किती राग येतो हे मान्य करायला, ते तुला कळणार नाही. आंघोळ मी घालते, कूस मी बदलते, आणि जे एक तिला खरंच हवंय ते माझ्या हातून होणार नाही. तुझ्या हातून होईल. का? तू तिथे नव्हतीस म्हणून. बेथानीच्या त्या घरात मार्थेला हेच वाटलं असणार, नुसतं भांड्यांचं नाही.

डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे, म्हणाले, काही सांगता येत नाही. माझ्याशी बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला. महिनाअखेर म्हणू नकोस. प्रूफं तिथेच राहतील. पुढच्या शुक्रवारी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, फादर आजाऱ्यांकडे फिरतात. त्याच्या आदल्या दिवशी इथे असायचंस.

आलीस तर मी नसेन. आपल्या शाळेच्या कॉन्व्हेंटमध्ये खोली मागितलीय, आठ दिवस. निवृत्त सिस्टर आहेत तिथे आता, दोन चालतात, बाकीच्या बसतात. फोनवर विचारलं त्यांनी, "किती वर्षांनी येतेयस. काय करणार इथे?" मी म्हटलं, "बसणार."

आईला मी सांगितलं आहे की दमले, विश्रांतीला जाते. ते तिला पटलं. चटकन पटलं, तेही जरा लागलंच.

ताई


१४ ऑगस्ट, गुरुवार सकाळ

टिटवी,

तू निघालीस म्हणून नर्सबाईंना फोन आला. बरं झालं. तुझी बस दुपारी येते, मी आता निघते आहे. मधल्या वेळात त्या आईपाशी बसतील. राग अजून आहे. तो मी बरोबर नेते आहे, इथे ठेवला तर तू त्यावर पाय देशील.

कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते.

आईला पाणी नुसतं द्यायचं नाही, घट्ट करून, छोट्या चमच्याने, ती डावीकडे जरा कललेली असताना. उजव्या गालात साठतं, बोट फिरवून बघायचं. सूप कोमट. चव घेऊन बघ, तिला मीठ कळतं, कमी असलं तर तोंड वाकडं करते आणि तेवढंच एक तोंड ती अजून ठरवून वाकडं करते, म्हणून मी कधी कधी मुद्दाम कमी घालते. तू नको घालूस. संध्याकाळी तिला तुझं काहीतरी वाचून दाखव. मेंढराचं दाखव.

दूधवाल्याला रिकाम्या बाटल्या, दाराबाहेर, धुऊन. तो बोलायला लागला तर बोलू दे, त्याची बायको गेली यंदा.

नर्सबाईंना रात्री घरी पाठवायचं. त्या नाही म्हणतील. तू सांग, "ताईने ओरडून ठेवलंय."

फादरांना वेदीची कापडं, इस्त्री केलेली, खालच्या कपाटात. त्यांना सांग की हात पुसायला ती वापरू नयेत, वेगळी ठेवली आहेत. हे मी त्यांना चारदा सांगितलंय, तुझं कदाचित ऐकतील. उद्या ते येतील तेव्हा चांदीचा छोटा चमचा त्यांना दे, मी तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवलाय. कोणालाही खोलीत थांबू देऊ नकोस. मंडळाच्या बायका गाणं म्हणायला येतो म्हणाल्या, तर त्यांना ओसरीवर बसव आणि चहा दे. हवा तेवढा चहा दे.

अध्यक्षीणबाईंना एप्रन परत. धुतलेला आहे. नर्सबाई म्हणाल्या तसा रंग सुटला, पण टाके आहेत तसे आहेत. काही बोलू नकोस, नुसता हातात दे.

तुला पलंगाजवळची खुर्ची. तिचा एक पाय डुगडुगतो, टेकून बस. आईला काहीही समजावू नकोस, टिटवी. पाप नाही, देव रागावत नाही, असलं काही नको, ते सगळं तिनेच आपल्याला शिकवलंय. तिला विचार. लहानपणी विचारायचीस तसं विचार, की आई, कम्युनियनला जाताना मनात काय म्हणायचं, मी विसरले. तिला चार शब्द येतात. तेवढ्यात ती सांगेल. सांगता सांगता तोंड उघडेल किंवा नाही उघडणार.

आणि मला काही द्यायचं नाही. तिने घेतलं की नाही, हे मला फोन करून कळवू नकोस, नर्सबाईंकडून कळवू नकोस, आणि मी आठ दिवसांनी दारात आले की चेहऱ्यावरही आणू नकोस. मी विचारणार नाही. या घरात आईचं एक तरी असं राहू दे, जे मी पाहिलेलं नाही.